गणपतीत विषय नको, पण मग कधी?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारे गृहस्थ ४६ वर्षांचे, राहायला डोंबिवलीत. मूळ गाव राजापूर तालुक्यात, बारसूच्या सड्यापासून, म्हणजे कातळाच्या माळापासून, फार लांब नाही. थोरला भाऊ गावी असतो, हापूसची कलमं आणि काजू बघतो. जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे, वारसांची नावं लागायची बाकी आहेत. बारसूला प्रस्तावित असलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला, म्हणजे रिफायनरीला, भावाचा कडवा विरोध, तर प्रकल्प यायलाच हवा असं यांचं मत. तीन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी पंगतीतच दोघांची जुंपली. ‘शहरात बसून आमच्या जमिनीचा भाव नको ठरवूस’ आणि ‘तुम्हाला विकास कळतच नाही’ इथपर्यंत गेलं. वहिनी रडल्या. तेव्हापासून घरात नियमच झाला की हा विषय काढायचा नाही. भाऊ बोलतात, पण पाऊसपाणी आणि गाडीच्या वेळा एवढंच. यंदा पत्रलेखकांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जेवताना ‘काका, तुम्ही विरोध का करता?’ असं सरळ विचारलं आणि सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. ते विचारतात: ‘दादाला एकदा पुराव्यानिशी नीट पटवून देऊ, की नात्यासाठी हा विषय कायमचा बंद ठेवू? बायको म्हणते, वाद नको. दादाशी मला नातं तोडायचं नाहीये, पण गप्प बसून घुसमट होते.’

सप्रेम नमस्कार,

तुम्ही स्वतःपुढे दोनच रस्ते ठेवलेत. दादांना पटवून द्यायचं, नाहीतर तोंड मिटून बसायचं. वरवर ते उलट दिशांचे वाटतात, पण दोन्हींत एक सोय सारखीच आहे: दादांचं म्हणणं ऐकून घ्यायची गरज पडत नाही.

गप्प बसण्याची बाजू आधी घेते, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. गणपतीत कोकणातलं घर म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मुंबई-पुण्याची माणसं, पोरंबाळं, आंघोळीला रांग, आरतीला उशीर झाला म्हणून कुणीतरी रागावलेलं, त्यात गाडी वेळेवर मिळेल का ही धाकधूक. अशा घरात मोदक वळताना कुणी सल्फर डायऑक्साइड काढू नये, हे मला पटतं. ‘गणपतीत वाद नको’ म्हणणाऱ्या जुन्या बायकांना माणसं कळत होती. पण तो नियम पाच दिवसांचा होता. तुम्ही दोघांनी तो बारा महिन्यांचा केलात आणि आता तो पुढच्या पिढीलाही लागू झालाय. तुमच्या मुलीने भांडण काढलं नव्हतं. तिने ‘का’ विचारलं होतं. गेल्या तीन वर्षांत तुम्ही दोघांनी एकमेकांना हा प्रश्न विचारल्याचं तुमच्या पत्रात तरी कुठे दिसत नाही.

शिवाय ही शांतता तुम्हाला फार दिवस परवडणारीही नाही. जमीन आजोबांच्या नावावर आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंयत. मी मात्र तिथेच थांबले. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावं असतात. निम्मी मुंबईत, काही वारलेली, एखादी आत्या कुठे दिली तेही धड कुणाला ठाऊक नाही. प्रकल्प येवो न येवो, कधीतरी वारस नोंद करावी लागेल, फेरफार होईल, वाटपाचा विषय निघेल, कुणाला कर्ज काढायचं असेल. त्या दिवशी तलाठ्याच्या टेबलासमोर दोघांच्या सह्या लागतील. तीन वर्षं फक्त गाडीच्या वेळा बोललेली दोन माणसं त्या दिवशी एकदम जमिनीबद्दल बोलायला लागली, तर काय होतं ते राजापूरच्या कोर्टाच्या आवारात बसून बघता येईल. तिथली भावाभावांची भांडणं काही रिफायनरीमुळे सुरू झालेली नाहीत.

आता पुराव्यांकडे वळू. तुमच्याकडे ‘सगळे रिपोर्ट’ आहेत आणि दादा ‘व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भीतीने’ बोलतात, असं तुम्ही लिहिता. तीच ओळ दादा तुमच्याबद्दल लिहू शकतील, शब्दही न बदलता. तुम्ही जामनगर दाखवाल. तिथल्या रिफायनरीलगत रिलायन्सची मोठी आमराई आहे हे खरंच आहे, आणि कोकणात समर्थकांच्या तोंडी हे उदाहरण हमखास असतं. दादा विचारतील, त्या कोरड्या मुलखात कंपनीने स्वतःच्या पैशाने आणि पाण्याने राखलेल्या बागेवरून माझ्या सड्यावरच्या कलमांचं काय कळणार? आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, कातळ, वरून समुद्राचं वारं. ते मुंबईतलं माहुल दाखवतील. तिथे रिफायनऱ्यांच्या शेजारी पुनर्वसन झालेल्या लोकांना हवेसाठी कोर्टात जावं लागलं. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार काय सांगतात तेही ऐकवतील. तुम्ही म्हणाल, वर्षाला सहा कोटी टन तेलाची प्रक्रिया, तीन लाख कोटींची गुंतवणूक, पोरांना घराजवळ काम. ते म्हणतील, एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वेळी गुहागरकरांनीही असंच ऐकलं होतं आणि २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला.

यातलं काहीच खोटं नाही. म्हणूनच पुराव्यांचं बाड घेऊन गेलात तर दुपार जाईल आणि दोघंही आधी होतात तिथेच राहाल. धुरामुळे मोहोर गळतो का, किती गळतो, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. तो तज्ज्ञांवर सोडता येतो. गावाने नको म्हटलं तर ते ‘नको’ कुणी मानायचं, हा हक्काचा प्रश्न. सड्यावरची कातळशिल्पं, बाप-आज्याने लावलेली कलमं आणि पोराची पंधरा-वीस हजारांची नोकरी यांत काय जड, याला तर मापच नाही. तुम्ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं गोळा केलीत आणि दादा बहुधा दुसऱ्यावर भांडतायत. काही ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, तरी २०२३ च्या एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झालं. सड्यावर माणसं आडवी पडली, अश्रुधुराची नळकांडी फुटली. तुम्ही ते डोंबिवलीत टीव्हीवर पाहिलंत. दादा पंचक्रोशीत होते. ‘तुम्हाला विकास कळत नाही’ हे वाक्य त्यांच्या कानात कसं गेलं असेल, याचा एकदा विचार करा.

म्हणजे दादा बरोबर आणि तुम्ही चूक, असं मी म्हणत नाहीये. प्रकल्प व्हावा की नाही यावर मला मत आहे, पण या सदरात त्याचं काम नाही. तुमच्या बाजूतही एक गोष्ट आहे, जी तुम्ही दादांना कधी सांगितलेलीच नाही असा माझा अंदाज आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंयत, ‘दादाला गाव मिळालं, मला लोकलची गर्दी.’ या ओळीत तेलही नाही आणि रोजगाराची आकडेवारीही नाही. बारावी झाल्यावर तुम्हाला एक पत्र्याची ट्रंक देऊन काकांच्या चाळीत पाठवलं, कारण घरच्या कलमांवर दोन भावांची चूल पेटली नसती. तुम्हाला कारखाना हवाय तो कुठल्यातरी दुसऱ्या पोराला ती ट्रंक उचलायला लागू नये म्हणून. असं असेल, तर दादांना हे सांगायला हवं. जामनगरचा व्हिडिओ पाठवून ते कळत नाही.

आणि दादांकडेही असं काहीतरी असणारच. बागायतदाराचं वर्ष शहरातून सुखाचं दिसतं, कारण आपण ते मे महिन्यातच बघतो. अवकाळीने मोहोर काळा पडतो, तुडतुडा आणि फुलकिडे आले की फवारणीवर फवारणी, औषधांची उधारी, वानरांचा उपद्रव, मग वाशीच्या दलालाकडे पेट्या रवाना करायच्या आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत काय भाव लागला ते कळत नाही. एवढं सोसून जो माणूस जमीन विकायला नाही म्हणतो, तो अडाणी असेल किंवा भाबडा असेल, असं मानणं सोपं आहे. हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला कळत असेल, हीही शक्यता धरून चला. कदाचित असंही निघेल की बागेत आता राम राहिला नाही हे त्यांनाही कळतंय, पण ते तुमच्यासमोर कबूल केलं तर तुम्ही लगेच ‘बघ, मी म्हटलं नव्हतं!’ म्हणाल याची त्यांना धास्ती आहे. वादात जिंकण्याची सवय असलेल्या माणसासमोर कुणी मनातली शंका बोलून दाखवत नाही.

मला अजून एक विचारायचंय. वहिनींचं मत काय आहे? तुमच्या चार पानी पत्रात त्या एकदा वाढतात आणि एकदा रडतात. त्या का रडल्या? दोघं भाऊ भांडले म्हणून, की दोघांपैकी कुणालाच आपल्याला विचारावंसं वाटलं नाही म्हणून? बारसूच्या सड्यावर रणरणत्या उन्हात ठाण मांडून बसलेल्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना मत नसतं असं निदान राजापूर तालुक्यात तरी कुणी म्हणू नये. वहिनी कदाचित प्रकल्पाच्या बाजूच्या निघतील, किंवा दादांपेक्षाही कडव्या विरोधक. पण ‘बायको म्हणते, वाद नको’ आणि ‘वहिनी रडल्या’ एवढ्यावर घरातल्या दोन बायकांचा विषय संपवू नका.

तर करायचं काय?

आधी कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकणं आजपासून बंद. तिथे तुम्ही दादांशी बोलत नसता, वीसेक नातेवाइकांपुढे दादांना हरवत असता. चारचौघांत हरायला कुणीच तयार नसतं, आणि मोठा भाऊ धाकट्यापुढे तर नाहीच नाही. मग दादांना फोन करा, आणि फोनवर विषय काढू नका, फक्त तो काढायची परवानगी मागा. ‘दादा, रिफायनरीवरून मी तेव्हा जे बोललो त्यातला “तुम्हाला कळत नाही” हा भाग माझा चुकला. मत माझं अजून तेच आहे. पण तुझं पूर्ण मत मी कधी ऐकलेलं नाही. ऐकायला येऊ का?’ एवढंच. माफी मागणं आणि मत सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्यांची गल्लत होते म्हणून माणसं माफीच मागत नाहीत. ‘आत्ता नको’ असं उत्तर आलं तर तेही मान्य करा. विषय नाकारायचा हक्क त्यांनाही आहे.

जायचं ते गणपतीत नको, शिमग्यातही नको. आंब्याच्या हंगामात तर मुळीच नको, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवाळीनंतर भातकापणी आटोपलेली असते, फवारण्यांची घाई अजून लागलेली नसते, त्या सुमारास एखादा साधा शनिवार-रविवार बघा. एकटे जा. समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नका. बागेत जा, कुंपणाचं काही काम असेल तर हाताशी लागा. दोन पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत फार वेळ खरं बोलू शकत नाहीत, हा माझा या सदराचा अनुभव आहे. हात कामात असले की जिभेवरचा ताण उतरतो.

आणि तिथे एक काम करा, जे आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत पंडितांना करावंच लागे. आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीने मांडायचं, तो ‘हो, हेच म्हणतोय मी’ असं म्हणेपर्यंत. ‘दादा, मला कळलं ते असं: तुझा राग प्रदूषणापेक्षा न विचारता आले याचा आहे, बरोबर?’ ते म्हणतील, ‘नाही, तसं नाही.’ मग पुन्हा ऐका, पुन्हा सांगा. हे वाटतं त्यापेक्षा फार कठीण आहे. मध्ये दहा वेळा तोंडात ‘पण’ येईल. तो गिळा. दादांनी मान डोलावल्याशिवाय तुमचा उत्तरपक्ष सुरू करायचा नाही. आणि सुरू केलात की जामनगरपासून नको, त्या ट्रंकेपासून करा.

मग एक प्रश्न दोघांनीही स्वतःला विचारा, मोठ्याने: काय दिसलं तर माझं मत हलेल? तुमचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर दादांकडून बदलाची अपेक्षा धरू नका. मत बदलण्याला आपण फितुरी का समजतो कोण जाणे. ज्यांच्यासाठी आपण घराघरांत तुटतो ते तर सहज बदलतात. ही रिफायनरी आधी नाणारला होणार होती; तिथल्या जमिनीची अधिसूचना ज्या सरकारच्या काळात निघाली त्याच सरकारने २०१९ च्या मार्चमध्ये ती रद्द केली. २०२२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली आणि २०२३ च्या मे महिन्यात बारसूला जाऊन विरोधकांच्या बाजूने ते उभे राहिले. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये. त्यांना जी मुभा आपण देतो ती सख्ख्या भावाला द्यायला काय हरकत आहे?

त्या दोन दिवसांत एकमत होईल अशी आशा ठेवून जाऊ नका. बहुधा होणार नाही. पण एखादी ठोस गोष्ट नक्की ठरवता येईल: वारस नोंदीचा अर्ज एकत्र करायचा, आणि प्रकल्प आला किंवा कुणी जमीन मागायला आलं, तर एकाला न सांगता दुसऱ्याने कुठेही सही करायची नाही. मत वेगळं असूनही हा शब्द देता येतो. कोकणात मध्यस्थांनी भावाभावांना वेगवेगळं गाठून जमिनी घेतल्याचे किस्से कमी नाहीत, आणि न बोलणारे भाऊ त्यांना फार सोयीचे पडतात.

तुमच्यासारखी पत्रं मला इतर विषयांवरूनही येतात. मराठा-ओबीसी आरक्षणावरून बोलणं तुटलेले जालन्याचे दोन मास्तर, पहिलीपासून हिंदीच्या २०२५ मधल्या वादात शेजारणीशी अबोला धरलेल्या पुण्याच्या बाई. त्यांनाही मी साधारण हेच सांगते, पण एक फरक करते. ‘प्रकल्प हवा की नको’ हा मतभेद आहे. ‘तुमच्या जातीची लायकी काय’ हा मतभेद नाही, तो अपमान आहे, आणि आदराने चर्चा करण्याच्या नावाखाली तो ऐकून घ्यायला कुणी बांधील नाही. तसंच ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे किंवा ज्याच्या छपराखाली तुम्ही राहता, त्याच्याशी ‘मोकळी चर्चा’ करताना आधी आपली सुरक्षितता बघा. एकाला काहीच गमवायचं नसतं आणि दुसऱ्याला सगळं, तिथे वादविवादाचे सुंदर नियम फारसे उपयोगी पडत नाहीत. तुमच्या घरात सुदैवाने तसं नाही. पण थोडं आहे: निर्णय चुकला तर तुमचं डोंबिवलीचं घर शाबूत राहील, दादांचं आवार बदलेल. त्यामुळे आधी ऐकायची पाळी तुमची. हे न्यायाचं आहे की नाही यावर तुम्ही माझ्याशी वाद घालू शकता, पुढच्या पत्रात जरूर घाला.

राहता राहिली मुलगी. तिला गप्प केलंत त्याबद्दल तिच्याशी बोला, ‘प्रश्न चुकीचा नव्हता, वेळ आम्हाला झेपली नाही’ असं सांगा. आणि परीक्षा मेच्या आधी आटोपत असेल तर तिला आठ-दहा दिवस काकांकडे पाठवा. पेट्या भरायला तेव्हा माणसं कमीच पडतात. ती विचारेल, काका सांगतील, वहिनीही सांगतील. परत आल्यावर तिने ऐकलेलं सगळं तुम्हाला सांगावं, अशी अट मात्र घालू नका.